गल्लीखालचा दगड

पुण्यात जुन्या सोसायटीत राहत असाल तर डाव्या नाहीतर उजव्या बाजूला पुनर्विकास चालू असतोच. आमच्या डाव्या बाजूला होता. इमारत पाडून झाली, राडारोडा गेला, हिरवे पत्रे लागले आणि खोदाई सुरू झाली. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मग काळा कातळ. पार्किंगचे दोन मजले जमिनीत उतरवायचे होते, त्यामुळे कातळाची आणि आमची दोघांचीही सुटका नव्हती. पोकलेनच्या सोंडेला ब्रेकर बसवून सकाळी जी ठकठक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक नवा तक्रारअर्ज तयार व्हायचा, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे. मी सही करायचे आणि गॅलरीत जाऊन खालचा ढीग बघत उभी राहायचे.

त्या ढिगाकडे माझं लक्ष जायचं कारण धंद्याचं आहे. मी मातीची भांडी करते. नऱ्ह्याला एका गाळ्यात माझं चाक आणि भट्टी आहे. एका बाजूला फॅब्रिकेशनवाला, दुसऱ्या बाजूला लेथ. भांड्यावर जी चकाकी असते, जिला आम्ही ग्लेझ म्हणतो, ती म्हणजे भांड्यावरच वितळवलेली पातळ काच. तिच्यासाठी फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चुनखडी, चिनी माती अशा पांढऱ्या पुड्या पोत्यांतून येतात, बऱ्याचशा राजस्थान-गुजरातकडून. काळा किंवा तपकिरी रंग हवा असेल तर वरून लोहाचं ऑक्साइड. आणि इथे गॅलरीखाली जो ढीग पडला होता त्यात हे सगळं आधीच एकत्र मिसळलेलं होतं. आपल्या बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका, शिवाय अल्युमिना, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं सोडियम, आणि लोहाची ऑक्साइडं दहा ते पंधरा टक्के. त्याची बारीक पूड भांड्यावर लावून १२५० अंशांपर्यंत भाजली तर ती वितळते, हे जगभरच्या कुंभारांना ठाऊक आहे. मग राजस्थानातून लॉरी कशाला?

सुपरवायझर मुलगा चांगला होता. म्हणाला, “मॅडम, किती पाहिजे? डंपर पाठवू?” मी दोन पिशव्या घेतल्या.

इथे जाणकार विचारतील, आणि विचारलंही, की खडी फोडायच्या क्रशरवर जाऊन कच, म्हणजे दगडाची भुकटी, का आणत नाही? वाघोलीपासून मोशीपर्यंत खाणी आहेत, कच ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, मिळते, पिशवीभर तर कुणी पैसेही घेणार नाही. खरं आहे. पण कच म्हणजे सगळ्या खाणीचं सरासरी उत्तर. त्यात घट्ट दगड आला, भोकांचा आला, मधला लाल थर आला, वरचा कुजलेला मुरूमही आला. मला एकेक दगड वेगळा हवा होता. पुण्याखालचा कातळ हा एकच दगड नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर वाहत आले आणि प्रत्येकाची घडण थोडी निराळी झाली. आमच्या शेजारच्या एका खड्ड्यातसुद्धा दोन तऱ्हा होत्या. एक घट्ट, निळसर काळा. दुसरा बुडबुड्यांचा, आणि त्या बुडबुड्यांत नंतर पाण्याने आणून भरलेले पांढरे जिओलाइटचे स्फटिक. (वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं, आणि त्याच्या नमुन्यांसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. आपल्याकडे वाघोली म्हटलं की लोकांना आधी ट्रॅफिक आठवतो.) हे दोन दगड वेगवेगळे वितळणार, हे उघड होतं. कोणता कसा, ते पाहायचं तर प्रत्येकाची पूड हवी, आणि पूड करायची तर आधी फोडायला हवा.

सुरुवात घणानेच झाली. दगड गोणपाटात गुंडाळायचा, जाड लोखंडी पाटावर ठेवायचा आणि मारायचं. घट्ट बेसाल्टवर घण मारला की तो परत येतो. अक्षरशः परत येतो, दांड्यातून हातात, हातातून कोपरापर्यंत. मुठीएवढ्या दगडाचे सुपारीएवढे तुकडे व्हायला जो वेळ लागे त्यात माझे दोन मग चाकावर झाले असते. वेळेचंही मी सोडून दिलं असतं, पण मनगटाचं सोडता येईना. चाकावर माती मध्यावर आणायची तर मनगट स्थिर लागतं, आणि घण मारल्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्थिर राहत नव्हतं. दगड आणि लोखंड यांच्या भांडणात सगळ्यात नरम वस्तू मी होते. लोखंडी पाटाला काही झालं नाही, घणाला नाही, दगडाला थोडंफार.

शेजारच्या लेथवाल्या काकांनी हे काही काळ मुकाट्याने पाहिलं. मग एकदा चहाचा ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, जबडा करू या.”

जबडा म्हणजे जॉ क्रशर. खाणीवर असतो तोच, पण टेबलाएवढा. प्रयोगशाळांसाठी असे छोटे तयार मिळतात; किंमत ऐकून मी पुन्हा घणाकडे पाहिलं होतं.

हे यंत्र कसं चालतं ते कळायला मला आधी दगड कसा फुटतो ते कळावं लागलं. आपली समजूत अशी की दगड दाबला की चिरडतो. बेसाल्ट दाबाला भलताच खंबीर आहे. चांगल्या घट्ट बेसाल्टच्या एका चौरस सेंटिमीटरवर टन-दोन टन भार सहज राहतो. पण तोच दगड ताणाला अगदी कच्चा. ओढून तोडायचा झाला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जोर पुरतो. दगड ओढायचा कसा, हा प्रश्न. त्याला धरायला कडा नाहीत, कान नाहीत. तर दोन बाजूंनी, दोन ठिपक्यांवर दाबायचा. बाहेरून दाब असतो, पण आत, त्या दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेवर, दगड आडवा ताणला जातो आणि तिथून उकलतो. अडकित्त्यात सुपारी धरतो तसंच. स्थापत्य शाखेच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा दंडगोल आडवा ठेवून दाबतात आणि त्यावरून त्याची ताणशक्ती काढतात, तीही हीच गोष्ट.

म्हणजे दगड फोडणं हा ताकदीचा खेळ कमी आणि ताण कुठे न्यायचा याचा जास्त. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचं सगळं यंत्र मी त्याच एका प्रश्नाने पाहायला लागले: या क्षणी ताण कुणावर आहे?

जबड्याची कल्पना अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या एलाय व्हिटनी ब्लेक यांची. कापसाची सरकी काढण्याच्या यंत्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या एलाय व्हिटनींचे हे पुतणे-भाचे पिढीतले. गावात खडीचा रस्ता करायचा होता आणि खडी माणसं हातोड्याने फोडत होती. ते पाहून त्यांनी डोकं चालवलं आणि १८५८ मध्ये पेटंट घेतलं. त्याच वर्षी खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. बोरघाटाचं काम तेव्हा चालूच होतं, ते १८६३ मध्ये संपलं. त्या रुळांखाली जी खडी पडली ती हजारो माणसांनी, बायकांनी, मुलांनी घण आणि सुतकी घेऊन फोडलेली. यंत्राचा कागद तयार झाला तेव्हा आपल्याकडे हात चालू होते, आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालूच राहिले. हात स्वस्त होते, दुसरं काही कारण नाही.

असो. यंत्र.

दोन बाजूंना सोळा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाट्या, त्यांच्यामध्ये एक जबडा पक्का बसवलेला आणि दुसरा हलणारा. हलणारा जबडा वरून एका एक्सेंट्रिक शाफ्टवर, म्हणजे मधला भाग मुद्दाम मध्यापासून सरकवलेल्या दांड्यावर, टांगलेला असतो आणि खाली, पाठीमागून, एक आडवी पट्टी त्याला टेकू देते. ती टॉगल. शाफ्ट फिरला की जबड्याचा वरचा भाग पुढे-मागे आणि वर-खाली असा लंबगोलात फिरतो. टॉगलमुळे खालचा भागही पक्क्या जबड्याकडे ढकलला जातो. जबडा पुढे आला की दगड चावला जातो, मागे गेला की तुकडे थोडे खाली घसरतात, पुन्हा चावा. खालच्या फटीपेक्षा लहान झालेला तुकडा गळून पडतो. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जबड्याचं मागे जाणं. अर्धा वेळ यंत्र काहीच दाबत नाही, दगडाला खाली पडू देतं. सरकण्याचं काम गुरुत्वाकर्षण फुकट करतं.

दोन जबड्यांमधला कोन आम्ही बावीस अंशांच्या आत ठेवला. तो सव्वीस-सत्ताविसाच्या पुढे गेला की घर्षण दगडाला धरून ठेवायला कमी पडतं आणि चावा बसण्याऐवजी दगड तोंडावर उडतो. काकांनी पुठ्ठ्याचे दोन जबडे कापून, मध्ये दगड धरून, हा कोन मला आधी दाखवला. पुस्तकातलं सूत्र मी नंतर वाचलं.

शाफ्ट ईएन-८ पोलादाचा. त्याचा मधला भाग मध्यबिंदूपासून चार मिलिमीटर सरकवून कातायचा, म्हणजे जबडा आठ मिलिमीटर हलतो. लेथवर हे काम बघण्यासारखं असतं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, गज मुद्दाम वाकडा धरायचा, डायल लावून तो किती वाकडा आहे हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाहायचं, आणि मग हत्यार लावायचं. गज फिरताना अर्ध्या फेरीत हत्यार हवेत, अर्ध्या फेरीत लोखंडात. टक, टक, टक. काका त्या आवाजावरून सांगायचे अजून किती उरलंय. आयुष्यभर गोल वस्तू मध्यावर आणण्याचं काम करणारी मी, हा ठरवून काढलेला बाक बघायला चाक सोडून येऊन उभी राहायचे.

बेअरिंग बोहरी आळीतून, स्टार्टर आणि वायरी तपकीर गल्लीतून, मोटर जुन्या बाजाराच्या ओळखीतून. तीन हॉर्सपॉवर, सिंगल फेज, १४४० फेरे. मोटरवर तीन इंची पुली, शाफ्टवर पंधरा इंची. म्हणजे शाफ्टचे मिनिटाला २८८ फेरे आणि सेकंदाला जवळजवळ पाच चावे. तीन हॉर्सपॉवर ऐकायला बरी वाटते. पण दगड फुटतो तो क्षण इतका छोटा असतो की त्या क्षणी लागणारा जोर मोटर एकटी देऊ शकत नाही, ती गुदमरते. म्हणून जड चाक. चावा नसतो तेव्हा मोटर त्या चाकात गती साठवते, चावा बसतो तेव्हा चाक ती मोजून देतं.

हे चाक आमच्या आजोळाहून आलं. सासवडकडे मामेभावाच्या गोठ्याच्या मागे हाताने फिरवायची जुनी कडबा कुट्टी गंजत पडली होती. मोटरची कुट्टी आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तिचं बिडाचं चाक माझ्या कमरेला लागेल एवढं. मामेभाऊ म्हणाला, “ताई, गाईला नाही, दगडाला कुट्टी घालणार म्हणजे आता?” चाक गाडीच्या मागच्या सीटवर चढवताना त्याने आणखी बरंच काही म्हटलं, ते सोडते. नऱ्ह्याला आल्यावर काकांनी पहिलं काय केलं तर चाक दोरीला टांगलं आणि हातोडीने हलकेच वाजवलं. बिडाला कुठे तडा असेल तर आवाज बद्द येतो. आमचं चाक देवळातल्यासारखं घुमलं. मग पाती काढलेल्या जागा, वजन कुठे जास्त ते पाहणं, परिघाचा वेग काढणं. बिडाच्या चाकाचा परिघ सेकंदाला तीस मीटरच्या आत ठेवावा असा जुना नियम आहे, नाहीतर चाक स्वतःच्याच ओढीने फुटू शकतं. आमचा वेग बाराच्या आसपास आला. इथेही तोच ताण. फक्त आता चाकावर.

जबड्यांच्या तोंडावर बसवायच्या पाट्यांसाठी साधं लोखंड चाललं नसतं, बेसाल्ट ते खाऊन टाकतो. खाणीवरच्या क्रशरच्या झिजलेल्या पाट्या भंगारात मिळतात. त्या मँगनीज पोलादाच्या असतात, बारा-तेरा टक्के मँगनीज. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये हे पोलाद केलं आणि त्याचा स्वभाव विचित्र आहे: जितकं ठोकाल तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. त्यामुळे त्यात ड्रिल मारायला गेलात तर ड्रिलच त्याला कडक करतं आणि मग स्वतः बसतं. भंगारात ते ओळखायची खूण सोपी, चुंबक चिकटत नाही. आम्ही चुंबक घेऊन ढिगातून फिरलो आणि जे चिकटलं नाही ते उचललं. प्लाझ्माने कापलं, मध्ये मध्ये पाणी मारत, कारण फार तापलं तर ते ठिसूळ होतं.

पुढे या चुंबकाने एक गंमत केली. दळलेल्या पुडीत जबड्याचं झिजलेलं लोखंड येणार, ते चुंबकाने काढून टाकू असा माझा बेत होता. पुडीवर चुंबक फिरवला तर पुडीच मिशांसारखी त्याला लटकली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, दगडच चुंबकाला जाऊन बसतो. आणि जबड्याची झीज, जी काढायची होती, ती मँगनीज पोलादाची, म्हणजे चुंबकाला दादच न देणारी. चुंबक नेमकं नको ते उचलतो आणि हवं ते सोडतो. शेवटी म्हटलं राहू दे. दहा टक्क्यांहून जास्त लोह असलेल्या काळ्या ग्लेझमध्ये चिमूटभर पोलादाने काय बिघडणार.

आता टॉगल. बाकी सगळं यंत्र आम्ही गरजेपेक्षा मजबूत केलं, आणि ही एक पट्टी गरजेपेक्षा कच्ची. बिडाची, मुद्दाम पातळ. खाणीवरच्या मोठ्या यंत्रातही असंच असतं. दगडाबरोबर पोलादाचा एखादा तुकडा आत गेला तर तो फुटणार नाही. चाकातली सगळी गती त्या क्षणी कुठेतरी जाणार. शाफ्टमध्ये गेली तर शाफ्ट वाकेल, बेअरिंगमध्ये गेली तर बेअरिंग, चौकटीत गेली तर जोड उकलेल. म्हणून आधीच ठरवून ठेवायचं की मोडायचं झालं तर कुणी मोडायचं. टॉगल मोडली की जबडा मागे ढिला पडतो, चाक मोकळं फिरत राहतं आणि बाकी कुणाला काही होत नाही. नवी पट्टी चहा उकळेपर्यंत बसते. आमच्याकडे हे घडलंही: ढिगातल्या दगडाबरोबर ब्रेकरच्या छिन्नीचा टवका आला होता. मोठा ‘ठण्ण’ झाला, मी बटण दाबलं, टॉगलचे दोन तुकडे खाली पडलेले. काका तर खूश झाले. मोडणारी वस्तू बरोबर मोडली यासारखं समाधान त्यांच्या धंद्यात क्वचित मिळतं म्हणे.

गाळ्याच्या रांगेत झाडलोट करायला एक मावशी येतात. माझ्याच वयाच्या असतील, पण आम्ही दोघीही एकमेकींना मावशीच म्हणतो. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्या झाडू भिंतीला लावून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी बादलीभर खडी काढून दाखवल्यावर म्हणाल्या, “एवढ्या आवाजात एवढीच?”

मग कळलं की त्यांचं लहानपण वाघोलीकडच्या खाणीवर गेलं. वडार वस्तीतलं घर. त्यांच्या आईने बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर सुरुवात केली, तेव्हा कामावर सुकडी मिळायची, आणि दुष्काळ संपला तरी खडी संपली नाही. मावशींनी मला हाताने खडी फोडायची पद्धत दाखवली. सायकलच्या टायरचं कडं करायचं, त्यात दगड धरायचे म्हणजे टवके उडून तोंडावर येत नाहीत. दगड आधी फिरवून बघायचा. “नस बघायची. नशीवर बसला की हाताला कायच लागत न्हाई.” त्यांनी माझ्या ढिगातला एक दगड उचलला, दोनदा उलटापालटा केला, लहान हातोडीने एकच घाव घातला. दगडाचे सरळ दोन भाग. माझ्या घणापुढे तोच दगड महिनाभर मान वर करून बसला असता. त्यांना ताणशक्तीचं गणित माहीत असण्याची गरज नव्हती. दगड कुठून उकलायला तयार आहे एवढं पाहायचं, बस.

मी ते गणित त्यांना सांगायला गेले नाही. मात्र टॉगल कशाला, ते सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “आईचा डावा हात असाच ऱ्हायला. बोटं मिटायची न्हाईत.” दुसरं काही न बोलता झाडू उचलून गेल्या.

खाणीच्या जुन्या हिशेबात ही पट्टी कुठे बसवली होती ते मला त्या दिवशी नीट दिसलं. घण महाग, दगड तर विकायचाच. मोडायला सगळ्यात स्वस्त सुटा भाग माणसाचा हात, आणि एक मोडला की दुसरा वस्तीत तयार. खडी मोजायची ब्रासवर आणि पैसे त्या मापाने. त्या मापात हाताचा रकाना नव्हता. क्रशर आले तेव्हा हात सुटले आणि ताण फुप्फुसांकडे गेला. आता धूळ. बेसाल्टमध्ये सुटा क्वार्ट्झ थोडाच असतो, सिलिका बहुतेक खनिजांत बांधलेली, त्यामुळे वाळूच्या दगडाइतका तो फुप्फुसांचा वैरी नाही; पण पोकळ्यांत गारगोटी असतेच, आणि बारीक धूळ कुठलीही असो, रोज आत घेतली तर ती हिशेब चुकता करतेच. म्हणून आमच्या यंत्राच्या तोंडाशी पाण्याचा बारीक फवारा आहे, नाकावर नीट बसणारा मास्क आहे (ओढणी नव्हे), डोळ्यांवर गॉगल आणि कानांत बोळे. पट्ट्यावर आणि चाकावर जाळी. ओढणी, पदर, मोकळी वेणी जाळीच्या पाच फुटांत नाही, हा नियम काकांनी दारावर खडूने लिहिला आहे आणि पाहुण्यांना तो आधी वाचायला लावतात. दगडाच्या तोंडावर जुन्या कन्व्हेयरच्या रबराचा पडदा, म्हणजे उडालेला टवका तिथेच मरतो.

चालवण्याचे दोन-तीन नेम मावशींनी माझ्या आधी उचलले. यंत्र नेहमी रिकामं सुरू करायचं. जबड्यात दगड असताना बटण दाबलं तर मोटर हुंकारते आणि उठत नाही. चाकाला पूर्ण वेग आल्याचा आवाज ऐकायचा, मगच पहिला दगड. एका वेळी एकेक, आणि आधीच्याचा चुरचुराट संपला की पुढचा. त्या हे माझ्याहून सफाईने करतात, कारण त्या दगड टाकताना त्याची नस जबड्याला समोर येईल असा टाकतात. मी मोजून पाहिलेलं नाही, पण त्यांच्या हातून मोटरचा आवाज कमी बसतो हे काकांनाही मान्य आहे. मावशींना यंत्राबद्दल आजही फारसा आदर नाही. त्यांचा सल्ला असा की यातली एकसारखी खडी धुऊन कुंड्यांत टाकायला विकावी, कोथरूडच्या बायका घेतील. घेतील, यात मला शंका नाही.

जबड्यातून निघते ती वाटाण्याएवढी खडी आणि थोडी कच. मला हवी पिठाहून बारीक पूड, दोनशे मेशच्या चाळणीतून जाणारी. ते काम पॉट मिलचं: चिनी मातीचं भांडं, आत गोटे, आणि तासन् तास फिरत राहायचं. जबड्याचा धडाका पाहिल्यावर वाटतं की अवघड काम इथेच झालं. उलट आहे. फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला तर एक टन बेसाल्ट मुठीएवढ्या दगडापासून सेंटिमीटरच्या खडीपर्यंत आणायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. तीच खडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक करायला अठरा युनिटच्या घरात. दगड जितका लहान तितका तो हट्टी, कारण मोठ्या दगडात तडे असतात, नशी असतात. फोडत फोडत जाल तसे ते कच्चे दुवे संपत जातात आणि उरतो तो निव्वळ घट्टपणा. शिवाय यातली अगदी थोडी ऊर्जा दगडाचा नवा पृष्ठभाग तयार करण्यात जाते. बाकी सगळी उष्णता आणि आवाज. आवाजाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर मी काही बोलत नाही, ते बरं.

आणि ग्लेझ? घट्ट दगडाची पूड नुसती पाण्यात कालवून लावली तर १२४० अंशांना ती वितळली, जाड जागी काळी आणि कडांवर, जिथे थर पातळ, तिथे गंजासारखी तपकिरी. जाड लावलं तिथे ओघळून भांडं भट्टीच्या फळीला चिकटलं. भोकांच्या दगडाची पूड जिओलाइट न निवडता लावली तर तिचं वागणं दर खेपेला वेगळं, कारण दर खेपेला त्यात पांढरं किती येईल याचा नेम नाही. आता घट्ट दगडाच्या पुडीत थोडी चिनी माती आणि थोडी लाकडाची राख घालते, म्हणजे ती जागेवर राहते. प्रदर्शनात मी लोकांना सांगते की एकदा लाव्हा असलेला दगड भट्टीत पुन्हा पातळ झाला, साडेसहा कोटी वर्षांनी. लोकांना हे वाक्य फार आवडतं, मग तो फुटण्यासाठी काय काय करावं लागलं ते ऐकायला ते थांबत नाहीत. किंमत विचारतात आणि म्हणतात, दगडाचं आहे तर एवढं महाग का?

शेजारची इमारत आता सातव्या मजल्यावर आहे. यंत्राला मात्र गिऱ्हाईक वाढलं. पेठेतल्या एका वाड्याच्या डागडुजीवर काम करणारी आर्किटेक्ट मुलगी जुन्या, फुटक्या विटा घेऊन आली. तिला चुन्यात मिसळायला सुरखी, म्हणजे विटांची पूड, हवी होती. भाजलेल्या विटा बेसाल्टच्या मानाने काहीच नाहीत, जबड्याने त्या हसत खाल्ल्या. पण जबडे, पडदा, खालचा ट्रे, काकांच्या लेथचा पत्रा, सगळं लाल झालं. ते धुवायला विटा फोडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, आणि माझ्या पुढच्या काळ्या पुडीत लाल उतरलं ते वेगळंच. तेव्हापासून दारावरच्या खडूच्या नियमाखाली मी दुसरा लिहिला आहे: विटा शनिवारी, दगडांचं काम झाल्यावर, आणि ज्याच्या विटा त्याने यंत्र धुवायचं.